टायर निवड समितीचा अहवाल

वस्तीवरून देवळाली प्रवरेच्या शाळेपर्यंतचा रस्ता अडीच किलोमीटरचा असून बाभळीचे काटे वगळता तो सुरक्षित आहे, अशी शाळेच्या दप्तरी नोंद आहे. या वगळलेल्या काट्यांनी दिशाची सायकल एका आठवड्यात दोनदा पंक्चर केली. सकाळी सातच्या शिष्यवृत्ती वर्गाला दोनदा उशीर, दोन लाल शेरे. तिसऱ्या शेऱ्याला वर्गातून नाव कमी. तेव्हापासून दिशाची आई निकिता, एम.ए., हिला भाजीत मीठ टाकलं की नाही हेही आठवेना.

ती सायकलच्या दुकानात गेली.

"वहिनी, हे जाड टायर न्या," कानिफनाथ म्हणाला. "काटा मोडंल, पन टायर न्हाई."

"पण दादा, दणके किती बसतील! पोरीच्या मणक्याचं काय?"

"मंग हे मऊ घ्या. गादीवर बसल्यागत वाटंल."

"आणि काटा?"

"त्यो बी गादीत शिरल्यागत शिरंल."

निकितानं हा पेच पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. अर्ध्या तासात गटात टणकवाले आणि मऊवाले असे दोन तट पडले. मुख्याध्यापक राधाकृष्ण सरांनी शांतता राखण्याचं आवाहन करून 'टायर निवड सल्लागार समिती' नेमली. प्रश्न विचारणाऱ्यालाच सदस्य-सचिव करायचं, या रिवाजानं निकिता सदस्य-सचिव झाली.

समितीनं शास्त्रीय चाचणी ठरवली. कॅरिअरला दुधाचा काठोकाठ भरलेला पेला बांधून शाळेच्या याच रस्त्यानं सायकल न्यायची. सांडेल ते दूध म्हणजे आरामाची तूट. टणक टायरवर पेला शाळेत पोचला, दूध पोचलं नाही. मऊ टायरवर दुधाचा थेंबही सांडला नाही, कारण दोनशे पावलांवर सायकलच थांबली.

"दोन्ही मतांचा आदर राखून," सरांनी निष्कर्ष काढला, "पुढचं टायर टणक, मागचं मऊ."

"पण सर, काटा मागच्याला लागला तर?"

"मॅडम, काट्यावरून आधी पुढचं चाक जातं. तो त्यानंच मोडणं अपेक्षित आहे. अहवालात तसंच घाला."

तरीही पंक्चर झालंच, तर शेरा माफ होणार होता. त्यासाठी लागलेला काटा मूळ स्वरूपात आणि सोबत पंक्चरवाल्याचा दाखला जोडायचा होता.

"सर, वर्ग सातला. दुकान दहाला उघडतं."

"मग दाखला आदल्या दिवशी काढून ठेवावा."

अहवालात आता 'काट्यांचा उगम' हा एकच रकाना उरला. निकिता तो शोधत रस्त्यानं निघाली. फार लांब जावं लागलं नाही. घराजवळच तिचे सासरे कारभारी उसाच्या कडेनं, ऐन रस्त्यालगत, बाभळीच्या ताज्या फांद्या कुंपणाला दाबून बसवत होते. पुढंही दोन्ही बाजूंना सगळ्यांची तशीच कुंपणं.

"मामा, हे जरा आत घेतलं तर? सगळे काटे रस्त्यावर पडतात. आपल्याच दिशूची सायकल पंक्चर होते."

"आत? येडी का काय तू! दर साली ईतभर ईतभर फुडं सरकवलं, तवा कुठं उसाच्या दोन सऱ्या वाढल्या. समदेच सरकवत्यात. आपुनच मागं यायचं व्हय?"

निकितानं ऊस पाहिला. लई जोमात होता. तिनं मोबाईल काढून गटावर लिहिलं, 'सर्वांनी आपापली कुंपणं मूळ हद्दीत न्यावीत.' अंगठा क्षणभर पडद्यावर थांबला. मग तिनं ते पुसलं, उगमाच्या रकान्यात 'नैसर्गिक' असं भरलं आणि अहवाल पाठवून दिला. मिनिटभरात बासष्ट पालकांचे अंगठे आले. गटात एवढं एकमत पहिल्यांदाच झालं होतं.

शुक्रवारी दिशाला तिसरा शेरा मिळाला.

"मम्मी, काटा मागच्याच टायरला लागला," ती डोळे पुसत म्हणाली. "दाखला दिला मी. पण सर म्हणाले, यावर तारीख कालची आहे."

वाचकांना पोरीबद्दल हळहळ वाटली, तर जरूर वाटू द्यावी. फक्त त्याआधी बाहेर जाऊन आपल्या घराची पायरी रस्त्यावर किती उतरलीय, तेवढं बघून यावं.