रंगनाथनाना समुद्रात उतरतात

गेल्या डिसेंबरात कोकणातल्या एका किनाऱ्यावर, ऐन ओहोटीत, आमचे शेजारी रंगनाथनाना यांनी उभ्या होडीच्या काठावरून गुडघाभर पाण्यात मुटका मारला. इजा झाली नाही.

मुटका म्हणजे गुडघे छातीशी घट्ट धरून विहिरीत घेतलेली उडी. राहुरीजवळच्या आमच्या गावात ती नानांनीच सगळ्यांना शिकवली. पद्धत एकच: पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि मागून ढकलायचं. मलाही ढकललं आहे. गटांगळ्या खाणाऱ्याला नाना काठावरून विचारत, "पानी काय खातंय का तुला? हात मार!"

समुद्र त्यांना पटला नाही. "पायऱ्या न्हाईत, काठ न्हाई. आन् तळ लई वर घेतलाय," अशी तक्रार त्यांनी तिथल्या जीवरक्षकाकडे केली. त्याने नारिंगी जाकीट पुढे केलं.

"आजोबा, हे घातल्याशिवाय पाण्यात जायचं नाही."

"जाकीट घालून पवायचं? मंग छत्री घिऊन आंघूळ कर की!"

"नियम आहे."

"आसंल. म्या न्हाई मानत."

बनाना राईडवरून परतलेली माणसं ऐकायला थांबली. नानांच्या पत्नी इंदूकाकू चपला हातात धरून वाळूत उभ्या होत्या. "अवं, घाला की. लोकं बघत्यात."

"बघू दे!" नाना पुन्हा जीवरक्षकाकडे वळले. "समद्या गावाला म्या पवायला शिकवलं. हिला न्हाई. सुनंनं हिरीत उतरायचं न्हाई म्हनून आई आडवी आली, आन् म्या गप बसलो. आज हिला शिकवनार. कोन आडवतो त्ये बघतो!"

"काकूंनाही जाकीट लागेल," जीवरक्षक म्हणाला.

नानांनी काकूंकडे पाहिलं. मग त्यांनी जाकीट घेतलं, काकूंना चढवलं आणि प्रत्येक पट्टा स्वतः ओढून पाहिला. दुसरं स्वतःसाठी मागून घेतलं.

कमरेएवढ्या पाण्यात काकू लुगड्यासकट उताण्या झाल्या. पाठीखाली नानांचा तळहात. काकूंनी त्यांची बाही मुठीत धरली होती. एक लाट आली, काकूंना उचलून खाली ठेवून गेली. काकू मोठ्याने हसल्या. बाही सुटली.

"सोडा आता."

"थांब."

"अवं, सोडा. तरंगतेय मी."

"थांब म्हनलं ना."

किनारा रिकामा करण्याची शिट्टी झाली तेव्हा काकूंचे दोन्ही हात पाण्यावर पसरलेले होते. नानांनी आपला हात काढलेला नव्हता.