मोडलेला साकव, सुधारलेली भाषा

एस्पेरांसाच्या घरासमोरच्या ओहोळावरचा साकव, म्हणजे फळ्यांचा पूल, मोडला. शाळा पलीकडे, म्हणून तिने त्याच दिवशी सरकारी बांधकाम विभागाकडे अर्ज केला: 'आमचा साकव मोडला आहे. मुलं शाळेत जाऊ शकत नाहीत. कृपया दुरुस्त करावा.'

अर्ज परत आला. नागरिकांची लेखनक्षमता उंचावल्याखेरीज त्यांच्या अडचणींचा विचार करू नये, असं नवं धोरण होतं. त्यासाठी कणकवलीच्या कार्यालयात निलेश सर हे तज्ज्ञ मार्गदर्शक नेमले होते.

"बाई, पहिल्याच वाक्यात साकव मोडतो," सर खेदाने म्हणाले. "मग पुढे वाचायचं कशासाठी?"

नव्या मसुद्यात एस्पेरांसाने तिसऱ्या पानापर्यंत साकव शाबूत ठेवला. शेरा आला: 'मोडला असे सांगू नका, मोडलेला दाखवा.' तिने एसटीतून कुजकी फळी नेऊन सरांच्या टेबलावर ठेवली.

"शब्दांतून, बाई, शब्दांतून!"

मग रोजचा सराव सुरू झाला. सकाळी ओहोळाचं वर्णन, संध्याकाळी मुलांची मनोव्यथा. स्वयंपाक नवऱ्याकडे, बेनेडिक्टकडे गेला. उरलेल्या फळ्यांवरून तो मासळी आणायला निघाला आणि थेट ओहोळात गेला.

"गो, माझो पाय मोडलो!"

पायाला प्लास्टर घालून होताच एस्पेरांसा रडत कणकवलीला पोचली. "सर, माझ्या नवऱ्याचा पाय मोडला."

सरांचा चेहरा उजळला. "बघा! किती छोटं वाक्य, आणि थेट काळजाला भिडलं!"

अर्जात पाय आला. सरांनी डोळे पुसत शेरा मारला: 'उत्कृष्ट. कुठेही दुरुस्तीची गरज नाही.' तो शेरा वाचून बांधकाम विभागाने फाईल बंद केली.

"अहो, तो शेरा भाषेबद्दल होता!" एस्पेरांसा तिथल्या कारकुनावर ओरडली.

"तसं लेखी द्या," तो म्हणाला. "भाषा मात्र हीच ठेवा. ऑफिसात सगळ्यांना आवडली."

संतापून तिने अर्ज वर्तमानपत्राला दिला. तो छापून आला. बांद्यापासून शिरोड्यापर्यंत लोकांनी वाचला, एकमेकांना पाठवला. बेनेडिक्ट खाटेवर पडून मोबाइलवरचे अभिप्राय वाचून दाखवू लागला.

"डोळे पाणावले म्हणतत. शैली ओघवती म्हणतत."

"आणि साकवाबद्दल?"

"कायच नाय."

हा साकव नेमका कुठल्या गावात आहे, हे आजवर एकाही वाचकाने विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.