अण्णांची बोलकी बटणं

अण्णा जाधवांच्या समोरून मुकाट्यानं जायची कुणाची टाप नव्हती. बँकेचा शिपाई असो, नाहीतर चुकून आमच्या जिन्यात शिरलेलं गिऱ्हाईक असो, "आवं, कुठं निघालासा? या की, बसा" हे ठरलेलं. माणूस रस्त्याला लागला तरी अण्णांची विचारपूस त्याच्या मागोमाग जिना उतरायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सांगलीत एका दुकानाच्या माडीवर आम्ही तिघं वेबसाइट करायचो: मालक, मी आणि अण्णा. पन्नाशीतले अण्णा पलूसहून पहिल्या एसटीनं यायचे. मूळचे टायपिस्ट, पण वेबसाइटला लागणारी जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा माझ्यापेक्षा हौसेनं शिकले. फक्त एक खोड काही केल्या जाईना.

बटण दाबल्यावर काय करायचं, हे बटणाला आधी सांगून ठेवावं लागतं. त्याला आम्ही इव्हेंट हँडलर म्हणायचो. तिथं 'ऑनक्लिक' लिहायचं, तर अण्णा हमखास 'ऑनमाऊसओव्हर' लिहीत. मग बटण दाबायची गरजच नाही. माऊसचा बाण नुसता वरून गेला, की "नमस्कार, या, बसा" अशी चौकट टपकन समोर. ती मिटवून बाण जरा सरकवावा, तर शेजारचं बटण आग्रहाला हजर! लग्नाच्या पंगतीतले वाढपी परवडले.

"अण्णा, हे चुकलंय," मी वैतागून म्हणायचो.

"चुकलंय कसं? दारावरनं मानूस चाललाय आन् आपुन गप? त्यानं बोट लावल्यावर मग बोलायचं व्हय रं?"

मी गुपचूप दुरुस्त करून टाकायचो.

एकदा मी रजेवर असताना द्राक्षांच्या एका व्यापाऱ्याच्या वेबसाइटचं पान तसंच गेलं. दुसऱ्या दिवशी तो तणतणत आला. मालकांचा पारा चढला. "अण्णा, संध्याकाळपर्यंत ही बडबड बंद झाली नाही, तर उद्यापासून घरी बसा."

एरवी अण्णांनी मालकांनाही चहा पाजून गार केलं असतं. पण त्यांचा चेहराच उतरला. "कायबी बोला सायेब, पर घरी बसा म्हनू नका."

दिवसभर मान वर न करता त्यांनी एकेक बटण दुरुस्त केलं. संध्याकाळी मी बाण पानभर फिरवला. सगळं चिडीचूप.

"जमलं की अण्णा! नोकरी वाचली!"

अण्णा पडद्याकडं बघत राहिले. "आता कुनी दाबल्याबिगर बोलायचं न्हाई ते. आमचं घरबी असंच झालंय गड्या, ही गेल्यापासनं."

काकूंना जाऊन वर्ष झालं होतं. जगाची विचारपूस करणाऱ्या या माणसानं त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

"अण्णा, आज मी तुमच्याकडं जेवायला येतो."

"आज?" अण्णा गडबडले. चष्मा पुसत उठले, संगणक बंद करायचंही विसरले. स्टँडपर्यंत त्यांनी वाटेत कुणाला हाक मारली नाही. मंडईपाशी मात्र थांबले आणि मेथीच्या दोन जुड्या घेतल्या.

"एरवी एकच घेतो रं," ते म्हणाले. "आज दोन पायजेत."