विमावाल्यांवर भिमाबाई

फोनवरच्या विमावाल्यांचा बंदोबस्त आपण आठ दिवसांत करणार, असं पंजाबरावांनी डोणगावच्या बसस्टँडवर चहा पिताना चारचौघांत जाहीर केलं. तिथेच चुकलं. बंदोबस्त करावा, जाहीर करू नये!

त्यांच्या घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून तारेचा फोन ठेवलेला. त्याच नंबरावर जळगाव जामोदच्या पाहुण्यांचा निरोप यायचा होता. पंजाबरावांच्या नर्स मुलीला, समताला, ते पाहून गेले होते. पोहे खाल्ले, पोरीला चालून दाखव म्हणाले आणि "कळवतो" म्हणून निघाले. मुलाकडच्यांचं 'कळवतो' म्हणजे कोर्टाची तारीख! इकडे बाप फोनपाशी वाळत घातलेल्या पापडासारखा पडून. घंटी वाजली की झडप घालायचा आणि पलीकडून, "सर, आरोग्य विमा घ्यायचा का?"

असले फोन बंद व्हावेत म्हणून नंबर नोंदवून झाला. फोन वाढले. शिव्या देऊन झाल्या. ते "थँक्यू सर" म्हणून दुसऱ्या दिवशी हजर!

शेवटी युक्ती सुचली.

"समताची माय, आता फोन तू उचल. विमावाला असला का सोडू नको. इतकी बोल, का थो फोन टाकून पयाला पाह्यजे!"

"हाव, त्यात काय?" भिमाबाई म्हणाल्या. त्या बोलायला लागल्या की शेजारची म्हैससुद्धा रवंथ थांबवून ऐकत असे.

पहिला बकरा नागपूरहून बोलत होता.

"मॅडम, मी संघपाल. घरात किती जण..."

"ते राहू दे बे! तू कोणत्या गावचा?"

"लोणारचा."

"तुह्या मायचं माहेर कोणतं? जेवला का? आवाज काऊन बसला तुहा?"

पोरगा पळाला नाही. दिवसभरात 'जेवला का' विचारणारं पहिलंच माणूस भेटलं होतं त्याला! दुसऱ्या दिवशी त्यानं "मावशी" म्हणून पुन्हा फोन केला. मग त्याच्या शेजारच्या खुर्चीतल्या रुपालीनं वांग्याच्या भाजीसाठी केला. बघता बघता अख्खं ऑफिस भिमाबाईंना विचारून आजारी पडायला लागलं!

आणि लाइन सदा बिझी.

एक दिवस जळगाव जामोदच्या मुलाचे वडील निवृत्तीभाऊ दारातूनच कडाडले, "फोन लावू लावू बोट झिजलं! आम्ही मेहकरची पोरगी पक्की केली. जाता जाता सांगून जातो."

पंजाबराव बायकोवर उखडले. "पाह्य! पोरीचं जमत आलेलं मोडलं तुह्या तोंडानं!"

"मोडलं त बरं झालं," समता आतून म्हणाली. "चालून दाखव म्हणे! मी काय बैलबाजारात उभी होती का, बाबा?"

"अन् संघपाल रविवारी येऊन राह्यला, मायले घेऊन," भिमाबाई म्हणाल्या. "म्या सारं इचारून ठेवलं. पोरीले पसंत पडला त पाहू."

पोरगा आला. समतानंच त्याला प्रश्न विचारून घामाघूम केलं आणि मग हो म्हणाली. मुहूर्ताचा प्रश्नच नव्हता. बुद्धविहार ज्या रविवारी रिकामा, त्या रविवारी लग्न लागलं.

विमावाल्यांचे फोन आता बंद आहेत. आपल्या सासुरवाडीला कोणी त्रास द्यायचा नाही, असं जावयानं ऑफिसात बजावून ठेवलंय. रोज संध्याकाळी फक्त त्याचा एकट्याचा येतो.

"मामाजी, तब्येत कशी आहे? एक नवीन योजना आली, पाचच मिनिटं घेतो..."

पंजाबराव उभ्यानं सगळं ऐकून घेतात. विमावाल्याचा फोन आदळता येतो. जावयाचा आदळून दाखवा!