आईच्या पलंगावरची कणीक

कणीक काही फुगायला तयार नव्हती. चष्मेवाल्यांनी ती सकाळी आठला यीस्ट घालून मळली होती. आता दहा वाजत आले तरी पातेल्यात ती ठेवली तशीच बसून होती, घरात पाहुणी आलेली लांबची आत्या बसते तशी, तोंड न उघडता.

"पुस्तकात अठ्ठावीस अंश लिहिलंय," चष्मेवाले तापमापकाकडे बघत म्हणाले. "आपल्या स्वयंपाकघरात एकोणीस आहे."

"मग स्वेटर घाला तिला," बायको आतल्या खोलीतून, शिवणयंत्र न थांबवता म्हणाली.

बायकोला चेष्टा सुचत होती, कारण तिचं काम झालेलं होतं. दोन महिने खपून तिनं सासूबाईंसाठी शिवलेली दुलई काल रात्री पुरी झाली होती. एकशे चव्वेचाळीस चौकोन, आणि कापडं तऱ्हेतऱ्हेची. सगळ्या इमारतीचे कपडे बायकोच शिवायची, आणि तिच्या हातात सफाई होती.

चष्मेवाल्यांचं मात्र सगळं आज संध्याकाळवर होतं. थंडी पडली की एका रविवारी इमारतीतली माणसं चार वाजता गच्चीवर उन्हात जमायची. प्रत्येकानं घरी केलेलं काहीतरी आणायचं आणि ऊन उतरेपर्यंत खात बसायचं, एवढाच कार्यक्रम. मागच्या वर्षी चष्मेवाल्यांनी ब्रेड नेला होता. तळमजल्यावरच्या ड्रायव्हिंग मास्तरांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या कवळीचे सरळ दोन तुकडे झाले. त्यानंतर वर्षभर लोक त्यांच्या चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला यायचे, फळ्यावरची बारीक अक्षरं वाचायचे आणि जाता जाता विचारायचे, "काय मग, यंदा करवत घेऊन येऊ ना?" चष्मेवाले हसायचे. पण घरी येऊन त्यांनी सहा रविवार सराव केला होता. आजचा सातवा.

घरात सगळ्यात उबदार जागा म्हणजे आईची खोली. सकाळचं ऊन थेट तिच्या पलंगावर यायचं. आई नऊ वाजता कापडी पिशवी घेऊन "पुस्तक बदलून येते" म्हणून वाचनालयात गेली होती. ती बारापर्यंत काही यायची नाही.

चष्मेवाले मापात काम करणारे होते. त्यांनी पातेलं उशीच्या जागी ठेवलं. कणकेला वारा लागू नये म्हणून झाकणावरून आईचा लोकरी स्कार्फ गुंडाळून गाठ मारली. खाली गरम पाण्याची पिशवी सरकवली. ऊब निसटू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावल्या, पायथ्याकडे लांब लोड घातला आणि वरून नवी दुलई गळ्यापर्यंत, म्हणजे पातेल्याच्या काठापर्यंत, ओढून घेतली. मग दाराशी जाऊन त्यांनी एकदा नजर टाकली आणि समाधानानं दार अर्धवट लोटून घेतलं.

याच वेळी समोरच्या मावशी स्कर्टची तुटलेली चेन बदलून घ्यायला आल्या. बाहेरचं दार उघडंच होतं. त्या आत पाऊल टाकणार, तेवढ्यात चष्मेवाल्यांचा आवाज आला.

"दोन तास झाले. नुसती निपचित पडून आहे. हाताला गार लागतेय."

"मग आता?" बायकोनं विचारलं.

"आता गरम पिशवी लावलीय. पांघरूण घातलंय. पण मला तिच्यात जीवच दिसत नाही."

"संध्याकाळी सगळे जमतील, त्यांना काय सांगायचं?"

"जे झालं ते सांगायचं. आणखी काय?"

मावशींचा हात चेनसकट छातीशी गेला. आईच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पलंगावर कुणीतरी डोक्याला स्कार्फ बांधून, भिंतीकडे तोंड करून, अगदी न हलता झोपलं होतं. मावशी आल्या पावली मागे फिरल्या. अशा वेळी चेनचं काम काढणं बरं दिसलं नसतं.

त्या घरी गेल्या नाहीत. एकेक जिना उतरत गेल्या.

अर्ध्या तासानं ड्रायव्हिंग मास्तर सहा संत्री घेऊन आले. मास्तरांना एका कानानं कमी ऐकू यायचं आणि दुसऱ्या कानाचा भरवसा नव्हता.

"आता कसं काय?" त्यांनी खुर्चीच्या काठावर बसत हळूच विचारलं.

आपल्या ब्रेडची इतकी आस्थेनं चौकशी होईल असं चष्मेवाल्यांना वाटलं नव्हतं. "बरं आहे आता. ऊब मिळाल्यावर जरा हालचाल दिसायला लागलीय."

"म्हणजे आशा आहे."

"आशा आहे. पण घाई करून चालत नाही. वेळ झाली की भट्टीत." घरच्या ओव्हनला चष्मेवाले भट्टी म्हणायचे. त्यांच्या पुस्तकात तसंच लिहिलं होतं.

मास्तरांनी हातातलं संत्रं खाली ठेवलं. "इतक्यात भट्टीचं कशाला बोलता?"

"तयारी आधीपासून ठेवावी लागते, मास्तर. मी मघाशीच पुसून ठेवली."

मास्तरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी घाबरलेल्या माणसांना गाडी शिकवली होती. पण इतका शांत माणूस त्यांनी पाहिला नव्हता. शेवटी ते म्हणाले, "मागच्या वर्षी मी तुम्हाला फार बोललो. मनात ठेवू नका."

चष्मेवाल्यांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "तुमची कवळी गेली होती. तुमचा हक्कच होता."

मास्तरांनी त्यांचा खांदा थोपटला. आतलं शिवणयंत्र चालूच होतं. या घरातली माणसं दुःख कामात बुडवतात, असं मास्तरांनी मनाशी नोंदवलं.

मग इमारतीचे सेक्रेटरी आले. त्यांच्या मागे मावशी, डोळे पुसत. सेक्रेटरींनी दारातच चपला काढल्या आणि त्या नीट जोडून ठेवल्या.

"आजचा गच्चीवरचा कार्यक्रम आम्ही रद्द केलाय," ते म्हणाले.

"का?"

"का म्हणजे? तुमच्या घरात हे असं असताना आम्ही वर बसून खायचं?"

चष्मेवाल्यांना आधी नीट उमगलं नाही. मग उमगलं तेव्हा कानशिलं तापली. एका ब्रेडच्या भीतीनं अख्ख्या इमारतीचा कार्यक्रम रद्द. सहा रविवार त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले.

"माझ्यामुळे कार्यक्रम रद्द करायचं काही कारण नाही," ते शक्य तितक्या थंडपणे म्हणाले. "ज्यांना हवं ते खातील. ज्यांना नको ते नाही खाणार. मी कुणाच्या तोंडात कोंबणार नाहीये."

सेक्रेटरींनी मावशींकडे बघितलं.

"धक्का बसलाय," मावशी पुटपुटल्या.

शिवणयंत्र थांबलं आणि बायको गळ्यात टेप अडकवून बाहेर आली. तिनं तोंड उघडायच्या आत मावशींनी तिला मिठीत घेतलं. "धीर धर गं. तू त्यांचं सगळं केलंस. कुणी नाव ठेवणार नाही तुला."

"कुणाचं केलं?" बायको मिठीतून म्हणाली. पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण चष्मेवाले उठून उभे राहिले होते.

"चला आत," ते म्हणाले. "स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा."

ते पुढे, त्यांच्या मागे सेक्रेटरी, मास्तर, मावशी आणि शेवटी बायको असे सगळे एका ओळीत आईच्या खोलीत शिरले. ऊन बरोबर दुलईवर पडलं होतं. मास्तरांनी हात जोडले. आणि तेवढ्यात, सगळ्यांच्या देखत, स्कार्फखाली काहीतरी सावकाश वर आलं आणि थांबलं.

"श्वास आहे," मावशी म्हणाल्या.

"आहे ना?" चष्मेवाल्यांचा चेहरा उजळला. "सकाळी अजिबात नव्हता."

मावशी धीर करून पलंगापाशी गेल्या, वाकल्या, दुलईवर हात ठेवला आणि तिथंच थबकल्या. त्यांची बोटं एका हिरव्या चौकोनावरून फिरली. मग पुन्हा फिरली.

"हे माझ्या पडद्याचं कापड आहे," त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या.

त्या बायकोकडे वळल्या.

"माझ्या पडद्याची झालर करायला कापड उरलं नाही म्हणाली होतीस तू."

मास्तर चष्मा पुसून पुढे आले. "हे माझ्या कोटाचं अस्तर."

"तुमचं तीन ठिकाणी आहे," सेक्रेटरी वाकून म्हणाले, आणि मग एकदम सरळ झाले. त्यांच्या समोर निळ्या रेघांचा चौकोन होता. शेजारी आणखी एक. "माझ्या या शर्टाच्या बाह्या तुम्ही अर्ध्या ठेवल्या होत्या. कापड बेताचंच आहे म्हणून."

बायको गळ्यातली टेप गुंडाळायला लागली. तिनं ती पुरी गुंडाळली, सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"माझ्या खोलीत काय चाललंय?" दारातून आवाज आला.

आई उभी होती. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. मावशींनी पलंगाकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि धावत जाऊन आईला घट्ट आवळून धरलं. आईची पिशवी दोघींच्या मधे सापडली.

"तुम्ही आहात," मावशी म्हणाल्या.

"आहे की. नसायला काय झालं?"

"मग पलंगावर कोण आहे?" मास्तरांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर देण्यात चष्मेवाल्यांना काहीच अडचण वाटली नाही. त्यांनी दुलई बाजूला केली. कणीक पातेल्यातून वर आली होती, झाकण तिनं उचललं होतं, स्कार्फच्या गाठीतून ती बाहेर डोकावत होती आणि दुलईच्या वरच्या दोन रांगांना प्रेमानं चिकटून बसली होती. दुप्पट कसली, तिप्पट झाली होती.

"ही," ते म्हणाले.

बायकोच्या तोंडातून आवाज निघता निघता राहिला. दोन महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत चिकट झाली होती. इतर कुठल्याही दिवशी तिनं नवऱ्याला पातेल्यासकट गॅलरीत उभं केलं असतं. पण तिनं मावशींकडे बघितलं, सेक्रेटरींच्या बाह्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "धुतलं की निघेल ते."

यानंतर सगळ्यांना एकदमच घरी जायची आठवण झाली. जिवंत बाईच्या खोलीत हात जोडून उभं राहिल्याचं कुणालाच समजावून सांगता येत नव्हतं. कार्यक्रम ठरल्या वेळी होणार, एवढं सेक्रेटरी म्हणाले. पण मावशींचं नाक तिखट होतं. "आजी, तुमच्या पिशवीतून बेकरीचा वास येतोय," त्या दारातून म्हणाल्या.

आईनं पिशवीत हात घालून चाचपलं, पण बाहेर काही काढलं नाही. आत ब्रेड होता, म्हणजे दोन बायकांच्या मिठीत सापडण्याआधी तो ब्रेड असावा. आता तो एका बाजूला कलला होता आणि मधोमध त्याला खोल खळगा पडला होता.

"वाचनालयात ब्रेड मिळतो?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तुझा नाही फुगला तर जवळ असावा म्हणून आणला," आई म्हणाली. "सहा रविवार मीच खाल्लाय ना तुझा."

हे सगळ्यांनी ऐकलं, आणि संध्याकाळी सगळ्यांना ते आठवत होतं.

कारण गच्चीवरच्या टेबलावर दोन ब्रेड शेजारी शेजारी ठेवलेले होते. एक गोल, सोनेरी, वरून तडकलेला, कापताना कुरकुर वाजणारा. दुसरा बसका, वाकडा, मधे खळगा पडलेला. कुणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. माणसं यायची, वाकड्या ब्रेडकडे बघून चष्मेवाल्यांना म्हणायची, "छान दिसतोय हं," आणि सोनेरी ब्रेडचा तुकडा उचलायची. मावशींनी दोन घेतले. सेक्रेटरींनी लोणी लावून तीन खाल्ले. मास्तरांनी पहिला घास जपून घेतला, मग दुसरा न जपता घेतला आणि मग ते टेबलाजवळच खुर्ची ओढून बसले.

चष्मेवाले सांगायला पुढे सरकले. आईनं त्यांचा दंड धरला.

"आई, अगं तो माझा आहे. मी भट्टीतून स्वतः काढलाय."

"माहीत आहे मला. खाऊ दे त्यांना सुखानं."

"पण त्यांना वाटतंय..."

"सांगितलंस तर खायचे थांबतील."

चष्मेवाल्यांनी टेबलाकडे बघितलं. सोनेरी ब्रेडची शेवटची कड मास्तरांच्या हातात होती. बेकरीच्या ब्रेडला कुणी सुरीही लावली नव्हती.

"याला म्हणतात हात," मास्तर कड चावत म्हणाले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बेकरीवाल्याचा पिढीजात धंदा असतो. तुम्हालाही जमेल हळूहळू."

"जमेल," चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांनी लोण्याची वाटी मास्तरांकडे सरकवली.

ऊन उतरल्यावर मावशी आईजवळ येऊन बसल्या. दुलई धुऊन वाळली की आपल्या पडद्याचा चौकोन एकदा नीट बघायचाय, असं म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आजी, ती बेकरी कुठली हो? मला दर रविवारी एक हवा होता. सेक्रेटरीही विचारत होते. मास्तरांना दोन."

आईनं क्षणभर विचार केला.

"तो सगळ्यांना देत नाही," ती म्हणाली. "पण माझ्या शब्दाबाहेर नाही तो. चार ना? सांगून ठेवते."