मुरलेलं पाणी

आमच्या शेजारचे हणमंततात्या पाणी पिण्याआधी त्याचा वास घेतात. "आज नळाला ब्लीचिंग पावडर लय पडलीया," असं जाहीर करून पेला परत देतात आणि माझ्या बायकोचं तोंड उतरतं.

तात्यांनी तीस वर्षं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान चालवलं. आता विट्याला परतून बैठकीत काचेची टाकी मांडलीय. त्यात पाच गोल्डफिश. सोन्याचा कस लावणं सुटलं, तो कस आता पाण्याला लागतो.

"मासं सांभाळायचं नसत्यात, मास्तर. पाणी सांभाळायचं. मासं आपलं आपण जगत्यात."

त्यांच्या जिन्यात कायम सहा बादल्या. नळाचं पाणी ब्लीचिंगचा वास उडेपर्यंत त्यात उघडं ठेवून 'मुरवायचं', मग टाकीतलं चौथाई पाणी काढून तेवढंच घालायचं. एकदा त्यांच्या पत्नीनं, शालनकाकींनी, चुकून एका बादलीत साडी भिजवली. तात्या दिवसभर त्या साडीकडं पाठ करून बसले. मेव्हण्यानं कौतुकानं टाकीत चुरमुरे टाकले, तर जेवताना त्याला दुसरी भाकरी मिळाली नाही. "जास्तीचं खाणं तळाला सडतंय," एवढंच कारण.

गेल्या उन्हाळ्यात दोघं पुतण्याच्या लग्नाला कोइमतूरला गेली. घराची किल्ली माझ्याकडं.

"चिमूटभर खाणं टाका. बाकी कायबी करू नका," तात्यांनी तीनदा बजावलं.

पण मी मास्तर. नुसतं बसवेना. ती दोघं यायच्या दिवशी मी सगळं पाणी उपसलं, फिल्टरचा स्पंज भांड्यांच्या साबणानं पांढराफेक केला आणि टाकी नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरली. अशी चकाकली की मी फोटो काढला. फोटोत पाचही मासे वर येऊन आ वासत होते. मला वाटलं, खूश आहेत.

तेवढ्यात तात्या दारात. पिशवी खांद्यावर तशीच. एकदाच वास घेतला आणि ओरडले, "कोरं पाणी! आगं, बादल्या आण!"

काकींनी जरीचा पदर खोचला आणि जिन्यातल्या बादल्या ओढल्या. तात्या ओंजळीनं एकेक मासा त्यात सोडत होते. काकी नाचत होत्या, "ह्यो हाललाय! ह्यो बी!" पिवळा तेवढा आडवा पडला. दोघं डोक्याला डोकं लावून त्याच्यावर वाकली. तासाभरानं त्यानं शेपूट हलवली, तेव्हा काकींनी चक्क टाळी वाजवली.

मी मान खाली घालून निघालो. तात्या फाटकापर्यंत आले. आता ऐकावं लागणार, म्हणून मी उभा राहिलो.

"तीस वर्षं मी तिकडं, ही हितं," ते हळू आवाजात म्हणाले. "घरी आलो, तवा दोघास्नी बोलायला कायच न्हवतं, मास्तर. 'जेवला?' 'व्हय.' संपलं. मग ही टाकी आणली. दुसऱ्या दिवशी ती आपणहून म्हणाली, 'त्यो पिवळा आज खाईना जणू.'"

आतून काकींची हाक आली, "आवं, या की लवकर! फिराय लागला बगा!"

"आलो, आलो!" म्हणत तात्या चपलांसकट आत पळाले.