बिनकामाच्या एकशे बारा फायली

त्या काळी घरात कॉम्प्युटर आला की शेजारपाजारचे लोक चपला बाहेर काढून तो बघायला येत. काकांच्या घरात त्याला खिडकीजवळची जागा मिळाली होती आणि बायकोनं शिवलेलं फुलाफुलांचं झाकणही. काकांना मात्र पस्तीस वर्षांच्या नोकरीत खिडकीजवळची जागा कधी मिळाली नव्हती. सगळी हयात तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये, जुनी कागदपत्रं लावण्यात गेली होती. निवृत्त होऊन आठच महिने झाले होते आणि लावायला घरात काही उरलं नव्हतं.

शनिवारी मुलगी लायब्ररीत गेली. सोमवारी द्यायचा तिचा प्रबंध अख्खा त्या कॉम्प्युटरमध्ये होता. काकांनी सहज तो सुरू केला आणि फायलींच्या एकामागून एक कप्प्यांत शिरत गेले. आत शेकडो फायली! नावं अशी की स्वर शोधून सापडेना. एक उघडली, तर नुसते चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं.

"अगं, हिनं काय पसारा करून ठेवलाय! एकीवर धड विषयसुद्धा नाही."

"हात लावू नका," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"हात कुठे लावतोय? माउसनं करतोय."

त्यांनी तीन नवे कप्पे केले: 'दुर्बोध', 'बिनकामाच्या' आणि 'चौकशी करावी'. काही फायली जागच्या हलेनात; वापरात आहे, असा निरोप येई. "काम करणाऱ्यांना राहू द्या," असं म्हणून त्यांनी त्यांना सूट दिली. बाकीच्या एकशे बारा हलवल्या, समाधानानं कॉम्प्युटर बंद केला आणि चहा पिऊन पुन्हा सुरू केला.

पडदा काळा. त्यावर इंग्रजीत एकच ओळ: आवश्यक फाइल सापडत नाही.

"आहे की! मीच तर ठेवलीय!" काका पडद्याला म्हणाले. पडदा ऐकेना. मग मात्र त्यांना प्रबंध आठवला. तीन वर्षं पोरगी जागून लिहीत होती.

बायकोनं दुरुस्तीवाल्या बाईंना फोन लावला. बाई आल्या, फ्लॉपी घातली आणि दोन मिनिटांत कपाळाला हात लावला.

"काका, या सिस्टीमच्या फायली! आता कुठली कुठं होती, कसं कळणार?"

काकांनी खाली मान घालून उशाखालची वही काढली. प्रत्येक फायलीचं नाव, मूळ जागा, नवी जागा, हलवल्याची वेळ आणि खाली सही.

"नोंद केल्याशिवाय कागद हलवायचा नाही, अशी शिस्त होती आमच्याकडे."

बाई वहीकडे बघतच राहिल्या. मग काका वाचत गेले, बाई टाइप करत गेल्या. "ही कशाची?" "अक्षरं दाखवते." "आणि ही?" "छपाईची." हळूहळू काकांचा आवाज मऊ झाला. म्हणजे ही सगळी तळघरातली माणसं होती तर! वर कुणाला त्यांची नावं ठाऊक नाहीत, पण एक जागेवर नसली की सगळं ठप्प. चाळिसाव्या फायलीपासून ते प्रत्येकीला 'अहो' म्हणू लागले.

दुपार कलली तेव्हा कॉम्प्युटर सुरू झाला. प्रबंध शाबूत होता.

"मुलीला सांगू नका," काका हळूच म्हणाले.

"गळ्याशपथ," बाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

पाचच मिनिटांत मुलगी धावत वर आली. "बाबा! खाली त्या कॉम्प्युटरवाल्या बाई भेटल्या. म्हणाल्या, आतली एकेक फाइल तुम्हाला नावानिशी ठाऊक आहे! मला कधी बोलला नाहीत?"

"म्हणजे... ओळख झाली थोडी."

"आमच्या सरांना मी आत्ताच खालच्या दुकानातून फोन केला. त्यांचा कॉम्प्युटर अडतोय, जन्मभराचं लिखाण आहे त्यात. उद्या सकाळी तुम्ही जाताय."

काकांनी मदतीच्या आशेनं बायकोकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती.

"जा की," ती मान वर न करता म्हणाली. "फक्त सरांना म्हणावं, आधी सगळं छापून ठेवा."